आयतोबांचं काय करायचं?

आपल्या हॉस्टेलवर रात्री बारानंतर जे विषय निघतात त्यातून प्लेसमेंट आणि प्रेमप्रकरणं वजा केली तर उरतो तो एकच, जग कसं असायला हवं. त्यात एकीचं तरी म्हणणं असतंच, की पैसा ही भानगडच नको. मालक नको, नोकर नको. ज्याला जमेल तेवढं त्याने काम करावं, ज्याला लागेल तेवढं त्याने घ्यावं. कल्पना जुनी आहे. कार्ल मार्क्सने १८७५ साली लिहिलेल्या एका टिपणामुळे ती जगभर गाजली, पण त्याच्या आधीही फ्रान्समधले समाजवादी ती बोलत होतेच. ऐकायला छान वाटतं. मग कोपऱ्यातून कुणीतरी विचारतं, "आणि जी नुसतीच लोळत पडेल तिचं काय?" झालं! चर्चा तिथेच बसते आणि आम्ही मॅगी करायला उठतो.

एरवी मीही हा प्रश्न सोडून दिला असता. पण पुढच्या वर्षीपासून मुलींच्या हॉस्टेलची मेस आपणच चालवावी असा प्रस्ताव आलाय. स्वयंपाकाच्या मावशी राहतील, पण बाजारहाट, निवडणं-चिरणं, वाढणं, हिशोब आणि जेवणघर साफ करणं आळीपाळीने आपण करायचं. खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा आणि कुणाच्या कामाचे कुणाला पैसे नाहीत. म्हणजे जेवणघरापुरता का होईना, एक छोटा बिनपैशाचा समाजच की! बैठकीत पहिला प्रश्न अर्थातच तोच आला, ज्या पाळीला येणारच नाहीत त्यांचं काय? म्हणून सुट्टीत या विषयावर हाताला लागेल ते मी वाचलं. त्यातलं जे पटलं आणि जे खटकलं ते इथे मांडते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा भाषा थोडी इकडची तिकडची होईल, सांभाळून घ्या.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आजारी माणूस, लहान मूल, म्हातारी आजी हे कुणी आयतोबा नव्हेत. अंगात ताकद आहे, वेळ आहे, ताटावर मात्र वेळेवर हजर आणि कामाच्या वेळी गायब, तो आयतोबा. आणि हा प्राणी फक्त आळसातूनच जन्माला येतो असं नाही. त्याबद्दल एक मजेशीर प्रयोग आहे, तोही एका इंजिनिअरने केलेला. मॅक्स रिंगलमान हे फ्रान्समधले शेतकी इंजिनिअर. त्यांनी माणसांना दोरखंड ओढायला लावून बल मोजलं आणि १९१३ साली ते आकडे प्रसिद्ध केले. एकट्याने ओढताना माणूस जेवढं बल लावतो ते शंभर धरलं, तर आठ जण मिळून ओढताना माणशी जेमतेम पन्नास भरलं. म्हणजे आठ जणांचं काम चारच जणांएवढं! यातला काही भाग एकाच क्षणी सगळ्यांचा जोर न लागल्यामुळे वाया जातो, ते आपण मेकॅनिक्समध्ये शिकलोच आहोत. पण पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हा भाग वेगळा काढून पाहिला, तरीही माणसं गर्दीत थोडं अंग चोरतात असंच दिसलं. महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. तुझा आवाज किंवा तुझा जोर वेगळा मोजला जातोय असं सांगितलं की अंग चोरणं जवळजवळ थांबलं.

हे वाचताना मला बीईच्या प्रोजेक्ट ग्रुप्सची आठवण झाली. चौघांचा ग्रुप, एक जण कोड लिहिणार, एक रिपोर्ट छापणार, एक स्पायरल बाइंडिंग करून आणणार आणि चौथा थेट व्हायवाला इस्त्रीचा शर्ट घालून उगवणार. मार्क चौघांना सारखे. तो चौथा स्वभावाने वाईट असतो असं नाही, त्याला फक्त माहीत असतं की त्याच्या वाट्याचं वेगळं काही मोजलं जाणार नाही.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी याहून जवळचं उदाहरण आहे. इंटरनेटवर एकमेकांना फाईल देण्याची पद्धत सुरू झाली तेव्हा ग्नुटेला नावाचं एक जाळं होतं. तिथे पैसा नाही, मालक नाही, सगळे सारखे. २००० साली झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातल्या अडार आणि ह्यूबरमन या दोघांनी मोजणी केली, तर जवळपास सत्तर टक्के लोक एकही फाईल दुसऱ्याला देत नव्हते, नुसते घेत होते. आणि एकूण जी देवाणघेवाण व्हायची तिचा निम्मा भार वरच्या एक टक्का लोकांवर! पुढच्याच वर्षी ब्रॅम कोहेनने बिटटोरंट आणलं आणि प्रश्न जवळपास सोडवला. त्यात कुणी पोलीस नाही. तुमचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी बघतो की आपल्याला कोण चांगला वेग देतंय, आणि त्या तीन-चार जणांना आपला वेग देतो. जो देत नाही त्याला मिळतही नाही. पण मला सगळ्यात आवडली ती पुढची युक्ती. दर तीस सेकंदांनी तो एका अनोळखी माणसाला, त्याने काहीही दिलेलं नसताना, फुकट देऊन बघतो. नवीन आलेल्याकडे द्यायला काहीच नसतं, त्याला पहिला तुकडा कुणीतरी उधार द्यायलाच हवा. फर्स्ट इयरला आलेल्या मुलीला जुन्या जर्नल्स मिळतात त्या याच न्यायाने.

पण टोरंट म्हणजे समाज नव्हे. तिथे कुणी म्हातारं होत नाही, कुणाला खरकटं काढावं लागत नाही. खरी माणसं घेऊन हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर आणि जास्त काळ झाला तो इस्रायलच्या किबुट्झमध्ये. २०२३ च्या ऑक्टोबरमधल्या हल्ल्याच्या बातम्यांत आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. पहिला किबुट्झ देगानिया, १९१० सालचा, गालिली सरोवराच्या काठी, दहा पुरुष आणि दोन बायका यांनी सुरू केलेला. ती जमीन कुणाची होती आणि तिथल्या अरबांचं पुढे काय झालं हा मोठा आणि कडवट विषय आहे, तो एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही. मी इथे फक्त आतल्या व्यवस्थेबद्दल लिहितेय. असे साधारण २७० किबुट्झ झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं राहत होती. (आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत जे ठिबक दिसतं, त्यातली नेटाफिम ही कंपनी १९६५ साली हात्झेरिम नावाच्या किबुट्झमध्येच सुरू झाली.)

आत पगार नव्हता. जेवण सामूहिक जेवणघरात, कपडे सामूहिक धोबीघरात, घर समूहाचं. कुणी बाहेर नोकरी केली तर त्याचा पगारही समूहाच्या खात्यात. वरखर्चाला प्रत्येकाला सारखी छोटी रक्कम मिळायची. डॉक्टर आणि गोठ्यात काम करणारा, दोघांनाही सारखंच. आता अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे बघितलं तर ही व्यवस्था पाच वर्षांत कोसळायला हवी होती. ती पाऊणशे वर्षं बऱ्यापैकी चालली. का चालली, यावर रान अब्रामित्झ्की या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी २०१८ साली अख्खं पुस्तक लिहिलंय, 'द मिस्टरी ऑफ द किबुट्झ'. त्यांची स्वतःची आजी किबुट्झमध्ये राहिलेली, त्यामुळे लिखाणात आकडेमोडीबरोबर थोडी मायाही आहे.

तिथे कामचुकारांना आवर घालायला शिक्षा फारशी नव्हतीच. पहिली गाळणी दारातच होती. यायचं म्हटलं की कुणालाही लगेच सदस्य करत नसत, आधी वर्षभर वगैरे उमेदवारी, बरोबर राहून काम करायचं, मग सर्वसभेत मतदान. दुसरी गोष्ट, किबुट्झ लहान असायचे, काहीशे माणसांचे. कामं वाटणारा एक जण असायचा, तो रोजची कामं फळ्यावर लावायचा. कोण कुठे होतं ते सगळ्यांना दिसायचं आणि संध्याकाळी त्याच जेवणघरात त्याच माणसांसमोर बसून जेवायचं असायचं! विचार करा, सकाळी संत्र्याच्या बागेत गेला नाहीत आणि रात्री ताट घेऊन रांगेत उभे आहात. कुणी काही बोलत नाही, पण बघतात सगळे. आपल्या वाड्या-वस्त्यांवर ही ताकद काय असते ते आपल्या आज्यांना विचारा. तिसरी गोष्ट मला जरा कठोर वाटली. सोडून जाणाऱ्याला जवळजवळ काहीच बरोबर नेता यायचं नाही. घर समूहाचं, शिल्लक समूहाची. त्यामुळे हुशार, जास्त कमावू शकणारा माणूस सहज उठून जायचा नाही. पण याला बांधिलकी म्हणायचं की अडकवून ठेवणं?

आणि अर्थात श्रद्धा. पहिल्या पिढीने घरदार सोडून स्वतः निवडलेलं आयुष्य होतं ते. तिसऱ्या पिढीने ते निवडलेलं नव्हतं, ती तिथे फक्त जन्मली होती. भेगा पडल्या त्या इथूनच, आणि गंमत म्हणजे कामापेक्षा आधी वापराच्या बाजूने. वीज समूहाची, म्हणजे बिल कुणालाच दिसत नाही, म्हणजे हीटर आणि एसी चालूच. जेवणघरातलं अन्न लागेल तेवढं घ्या, मग उरलेलं कुत्र्यालाही घाला. अनेक किबुट्झनी घराघरात मीटर बसवले आणि वापर लगेच उतरला. आपल्या मजल्यावर पाणी उकळून वाफ व्हायला लागली तरी गीझर कोण बंद करतं, हे मी विचारत नाही. इथे मला एक फरक नीट कळला. कमी काम करणारा लोकांच्या नजरेत येतो, पण जास्त वापरणारा बंद दाराआड असतो. त्याला नजर पुरत नाही, मीटरच लागतो.

मोठा धक्का १९८० च्या दशकात बसला. महागाई आभाळाला भिडलेली होती, ती आटोक्यात आणायला १९८५ साली सरकारने कडक योजना आणली, व्याजदर चढले आणि कर्ज काढून बसलेले किबुट्झ गाळात गेले. मग जास्त शिकलेली माणसं बाहेर पडायला लागली. १९९० च्या दशकापासून एकेका किबुट्झने कामाप्रमाणे वेगवेगळा पगार सुरू केला. २००७ साली खुद्द देगानियानेही तो मार्ग धरला. आज बहुतेक किबुट्झ असेच आहेत, पगार ज्याचा त्याला आणि वर समूहासाठी एक कपात, जिच्यातून म्हाताऱ्यांना व कमी कमावणाऱ्यांना आधार मिळतो. अब्रामित्झ्की आणि व्हिक्टर लावी यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की वेगळा पगार आल्यावर तिथल्या शाळकरी मुलांचे निकालही सुधारले. अभ्यासाचं फळ आपल्यालाच मिळणार हे कळल्यावर मुलं जास्त अभ्यास करायला लागली. हे वाचून समतावाल्या मैत्रिणींना वाईट वाटेल, मलाही वाटलं, पण आकडे आहेत ते आहेत. मात्र जे किबुट्झ श्रीमंत होते त्यांतल्या पुष्कळांनी समान वाटप टिकवलं हेही अब्रामित्झ्कींनीच दाखवलंय. म्हणजे समता मोडली ती फक्त आळशांमुळे, असं म्हणता येत नाही.

आपल्या बैठकीत सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या त्या दंडाच्या सूचनेला. पाळी चुकवली की पन्नास रुपये. सोपं, हिशोबाला बरं. पण याच इस्रायलमध्ये, हैफा शहरात, दहा पाळणाघरांवर एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून त्यांतल्या सहा पाळणाघरांत दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट झाले! कारण आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता दहा शेकेल दिले की फिटलं. आणि दंड बंद केल्यावरही ते मूळ पदावर आले नाहीत. एकदा लाजेची किंमत ठरली की लाज परत येत नाही. आपल्याकडे तर ज्यांना घरून भरपूर पैसे येतात त्या वर्षभराचा दंड आगाऊच भरतील आणि ज्यांना येत नाहीत त्या भांडी घासतील. मग वर्गविहीन कुठला आणि काय!

दुसरं टोक म्हणजे सक्ती. आमच्या शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टर सेंट पॉलचं एक पत्र समजावून सांगायच्या. ज्याला काम करायचंच नाही त्याने जेवणाची अपेक्षा ठेवू नये, असा त्याचा आशय. हाच विचार पुढे देवाला न मानणाऱ्या सोव्हिएत युनियनने १९३६ च्या घटनेत घातला हे मला अलीकडेच कळलं आणि हसू आलं. पण पुढचं हसण्यासारखं नाही. १९६१ मध्ये तिथे समाजावर जगणाऱ्या 'परोपजीवीं'विरुद्ध फर्मान निघालं. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये जोसेफ ब्रॉडस्की नावाच्या तरुणावर त्याच आरोपाखाली खटला चालला. तो कविता आणि अनुवाद करायचा. तुला कवी कुणी ठरवलं, असं न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं. पाच वर्षं दूर उत्तरेला अर्खांगेल्स्क भागात सक्तमजुरीची शिक्षा झाली, गाजावाजा झाल्यामुळे १९६५ मध्ये सुटका झाली. १९८७ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. आयतोबा कोण हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात जातो, तो माणूस मला आयतोबापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

याचीच दुसरी बाजू आपल्या देशात आहे, आणि ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. घाणीचं काम कुणी करायचं, हा प्रश्न आपण पैसा यायच्या आधीच जातीवर ढकलून मोकळे झालो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडू हातात धरला नाही ते आयतोबा नाहीत का? कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मला भंगीकाम द्या अशी मागणी त्यांनी केली, जातीमुळे ती नाकारली गेली तेव्हा अन्न घेणं कमी केलं, आणि १९३२ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनी उपास सुरू केला. घाण साफ करायला मिळावी म्हणून उपास! आणि तुरुंगात जातीवरून कामं वाटण्याचे नियम सुप्रीम कोर्टाने रद्द केले ते कधी, तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये. किबुट्झमध्ये मॅनेजरलाही जेवणघराची पाळी असायची ते मला म्हणूनच आवडलं. पण तिथेही स्वयंपाकघर, धोबीघर आणि पाळणाघर यांत हळूहळू बायकाच राहिल्या, पुरुष ट्रॅक्टरवर. आणि १९५० नंतर बाहेरचे मजूर रोजंदारीवर आणले गेले, म्हणजे आत समता आणि कुंपणाबाहेर मजुरी. आपल्या मेसच्या प्रस्तावातही बाथरूम आणि मोरी धुणाऱ्या मावशी 'राहतीलच' असं एका ओळीत लिहून टाकलंय, ते वाचून मला हेच आठवलं. त्या कोणत्याही बैठकीला बोलावलेल्या नव्हत्या.

आपल्या गावांतली सावड बघा. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात भाताची लावणी करायची, उद्या माझ्या. पैसा नाही, वही नाही, तरी कोण आलं नव्हतं ते सगळ्यांच्या लक्षात असतं आणि त्याच्या शेतावर दुसऱ्या दिवशी माणसं कमी दिसतात. बिटटोरंटच की हे! पण ज्याला शेतच नाही त्याला सावडीत जागा नाही, तो मजुरीलाच जाणार. त्यामुळे आपलं जुनं ते सगळं सोनं असंही मला म्हणवत नाही.

तर मेसच्या बैठकीत मी काय म्हणणार आहे ते आत्ताच सांगते. दंड नको. एका वेळी साठ जणींची यादी नको, बारा-बारा जणींचे गट करूया, म्हणजे कोण आलं नाही ते त्या अकरा जणींना तरी दिसेल, आणि रेक्टर मॅडमना पहारा ठेवावा लागणार नाही. पाळी अदलाबदल करायची पूर्ण मोकळीक, पण मैत्रिणीशी, पैशाशी नाही. आजारपण असेल किंवा पोटात दुखत असेल तर कारण विचारायचं नाही, अगदी खोटं वाटलं तरी. पहिल्या महिन्यात फर्स्ट इयरच्या मुलींना पाळी लावायची नाही. तीन वेळा न सांगता गैरहजर राहिली तर त्या गटानेच तिला जेवणानंतर बसवून विचारायचं, वर तक्रार नंतर. गॅस आणि विजेचा आकडा मात्र दर आठवड्याला दारावर मोठ्या अक्षरात लावायचा. पाळ्यांचा कच्चा तक्ता मी तयार केलाय. त्यात पहिलाच रकाना खरकटं आणि मोरीचा आहे, आणि त्या रकान्यात पहिल्या आठवड्याला मेस कमिटीच्या पाचही जणींची नावं लिहिली आहेत. त्यांतल्या दोघींनी तक्ता बघून अजून होकार दिलेला नाही.